थाप पडल्यावरही धरलेला हात

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. तेव्हापासून लिहिणं म्हणजे सहीपुरतं आणि वाण्याकडच्या सामानापुरतं. हे कोणाला दाखवायचं नाही. तरीही माफी मागते, कारण उद्या कोणाच्या हाताला लागलं तर तो आधी अक्षराला हसेल आणि मग पुढचं वाचेल. पुढचं हसण्यासारखं नाही. माझ्या हातून एका मुलीचं कोपर दुखावलं. चुकून दुखावलं असं सगळे म्हणतात. तसं नाही.

सकाळी मी एका बाळंतपणाच्या दवाखान्यात कपडे धुते. चादरी, बाळंतिणीखाली घालायच्या ड्रॉशीट, बाळांची दुपटी. रक्ताचे डाग आधी गार पाण्यात काढायचे, मग मोठ्या पातेल्यात सोडा घालून उकळायचे. चादर पिळायला दोघी लागतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघींनी उलट दिशेला पीळ द्यायचा आणि पाणी गळायचं थांबेपर्यंत धरून ठेवायचं. एकीने आधी सोडलं तर चादर फरशीवर पडते आणि पुन्हा पहिल्यापासून धुवावी लागते. म्हणून समोरची 'सोड' म्हणेपर्यंत कोणी सोडत नाही. लग्नानंतर लगेच या कामाला लागले, तेव्हापासून हेच करते आहे. माझी बोटं त्यामुळे बाईमाणसाच्या मानाने जाड झाली आहेत. शेजारणी लोणच्याच्या बरणीचं झाकण अडकलं की माझ्याकडे घेऊन येतात.

संध्याकाळी आमच्या पेठेतल्या तालमीच्या वरच्या हॉलची झाडलोट करते. खाली लाल माती आहे. तिथे बायकांनी जायचं नाही, आणि मी कधी गेलेली नाही. वरचा जिना बाहेरून आहे. वर एक तरुण सर जिउ-जित्सू शिकवतात. दिवसा ते एमआयडीसीत कामाला असतात, संध्याकाळी क्लास. हीसुद्धा कुस्तीच, पण मातीत नाही, मॅटवर. अंगात जाड पांढरा कुडता असतो, त्याची कॉलर, बाही, पट्टा, काहीही धरायला चालतं. खालच्या कुस्तीत पाठ लागली की संपलं. इथे पाठ लागल्यावर खरं सुरू होतं. खाली पडलेला माणूससुद्धा पायांनी वरच्याला अडकवून ठेवतो, आणि दोघांपैकी एकाचा हात नाहीतर मान अशी सापडते की त्याला हार मानावीच लागते.

खालचे म्हातारे पैलवान याला 'ती वरची कुस्ती' म्हणतात. त्यांतले एक काका रोज जिन्यापाशी बसलेले असतात. एकदा सरांना म्हणाले, "आमच्याकडं पाठ लागली की माणूस घरला जातोय. तुमच्याकडं निवांत झोपून लढत्यात."

"म्हणून तर तुमी लवकर घरी जातासा, काका," सर म्हणाले. काकाच सगळ्यांत जास्त हसले.

वरच्या मॅट आधी नुसत्या फोमच्या होत्या, घामाने कुबट वास यायचा. सरांनी एका सीटकव्हरवाल्या भाईंना बोलावून मॅटना रेक्झिन शिवून घेतलं. भाई रिक्षा आणि टेम्पोच्या सीट शिवतात. माप घ्यायला ते मुलीला घेऊन आले होते. मुलगी बारावीला होती. टेपचं एक टोक धरून ती उभी होती आणि मुलं मॅटवर लोळत होती तिकडे बघत होती. भाई ओरडले, "अगं टेप सोडलीस व्हय?" तिचं लक्षच नव्हतं. पुढच्या आठवड्यात ती क्लासला आली, तिच्या आईला घेऊन.

आई म्हणजे भाभी. दुकानात दोन मशिनी आहेत, एकीवर भाई बसतात आणि दुसरीवर भाभी. त्या हॉलभर फिरल्या, गिऱ्हाइकाने शिवण बघावी तशी सगळी मॅट पायाने चाचपून बघितली, आणि सरांना म्हणाल्या, "शिकू दे. पण पोरांसंगं लोळायचं न्हाय. बाईमाणूस समोर बसवा."

क्लासात दुसरी मुलगी नव्हती. सरांनी इकडे तिकडे बघितलं. मी कोपऱ्यात बादली घेऊन उभी होते.

"ताई, जरा समोर बसता काय?"

"मी?"

"नुसतं बसायचं. बाकी ती करंल."

"माझं पुसायचं राहिलंय."

"पुसा, मग बसा."

अशी मी त्यात पडले. मला कोणासमोर बोलायला जमत नाही. दुकानात गेले तरी माझ्यामागून आलेल्यांना आधी सामान मिळतं. पण मॅटवर बोलावं लागत नव्हतं. सरांनी मला एका मुलाने टाकून दिलेला कुडता दिला. दाराआड साडी सोडून सलवारीवर तो चढवला तेव्हा पहिल्या दिवशी मला बाहेर यायलाच सुचेना. नवरा टेम्पोवर असतो, आठवड्यातून दोनदा घरी येतो. त्याला सांगितलं तर म्हणाला, "पैलवान झालीस व्हय? बरं हाय. सिलिंडर चढवायला माणूस नको आता."

सरांनी पहिल्यांदा काय शिकवलं तर थाप. हात कसा धरायचा ते नंतर. आपण सापडलो, आता दुखणार असं वाटलं की समोरच्याच्या अंगावर हाताने थाप मारायची. हात मोकळा नसला तर पायाने मॅटवर मारायची. आणि थाप लागली की समोरच्याने सोडायचं. सर म्हणाले, "विचार करायचा न्हाय. आधी सोडायचं, मग विचार." या खेळात कोपर मोडायला फार ताकद लागत नाही. रोज कितीजण कितीजणांची कोपरं धरतात. कोणाचं मोडत नाही ते फक्त समोरचा सोडतो म्हणून. दहा वर्षांचं पोर सरांच्या अंगावर थाप मारायचं आणि सर लगेच हात वर करून मागे सरकायचे. मला ते बघायला फार आवडायचं. आमच्या दवाखान्यात, आमच्या घरात, मी कधी कोणाला असं थांबवलेलं नाही.

सुरुवातीला थाप मीच मारायचे. मुलगी चपळ होती. हसत हसत माझी कॉलर धरायची, आणि मी पाठीवर. हळूहळू मलाही कळायला लागलं. माझ्या बोटांत तिची बाही आली की तिला सुटता यायचं नाही. सर मुलांना दाखवायचे, "ही ग्रिप बघा. असली पायजे." ती मुलं बघायची आणि मी खाली बघायचे. पण खोटं कशाला सांगू, घरी जाताना ते पुन्हा पुन्हा आठवायचे.

मुलीला पुण्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं. तिथे जिंकली तर पुढच्या मोठ्या स्पर्धेला नाव जाणार होतं. भाईंनी एका टेम्पोवाल्याकडून आगाऊ पैसे घेऊन फी भरली. नवा कुडता आणला, त्यावर क्लासचं चिन्ह भाभींनी स्वतः शिवलं, दुहेरी टाक्यांनी. मुलगी रोज रात्रीची पोळी सोडायची वजनासाठी आणि माझ्याकडे तक्रार करायची. "मावशी, घरात बिर्याणी केल्या आज. माझ्यासमोर खाल्ली सगळ्यांनी. माणुसकी न्हाय."

आता त्या दिवसाचं लिहिते.

सकाळी दवाखान्यात एक चादर कमी पडली. मोठ्या सिस्टरने मला व्हरांड्यात थांबवलं आणि पिशवी उघडायला सांगितलं. बाळंतिणींचे नातेवाईक बाकावर बसले होते. मी पिशवी उघडली. तेवढं पुरलं नाही, उलटी करून दाखव म्हणाली. भाकरीचं फडकं, डोकेदुखीच्या गोळ्या, एक जुना रुमाल. सगळं फरशीवर पडलं ते मी बसून गोळा केलं. चादर दुपारी गच्चीवर टाकीमागे सापडली, वाऱ्याने उडाली होती. सिस्टर काही बोलली नाही. मीही नाही.

संध्याकाळी क्लासला मुलगी जोरात होती. मुलांना म्हणाली, "मावशी म्हंजे माझी उशी हाय. कशीबी दाबा, कायबी म्हणत न्हाय." मुलं हसली. मीही हसले. हे ती नेहमीच म्हणायची, आणि त्यात प्रेमच असायचं. एरवी मला कधी लागलं नव्हतं.

सर म्हणाले, "ताई, आज खरा जोर लावा. पुण्याची पोरगी हिला मऊ लागणार न्हाय."

आम्ही हात मिळवले आणि सुरू केलं. ती वर, मी खाली. तिने माझी कॉलर धरायला हात लांबवला आणि तो थोडा जास्त लांबवला. मी तिचं मनगट दोन्ही हातांनी छातीशी ओढलं, एक पाय तिच्या मानेवरून टाकला, आणि ती आडवी झाली. तिचा हात माझ्या मांड्यांमध्ये सरळ ताठ. आता फक्त कंबर वर उचलायची, की कोपर उलट्या बाजूला ताणलं जातं. सरांनी शिकवलं होतं तसंच मी केलं. कंबर उचलली.

माझ्या मांडीवर थाप पडली.

ती मला लागली. कळली. आजूबाजूचे आवाज होते, पंखा होता, खाली कोणीतरी जोर काढत होतं, हे सगळं खरं. पण थाप मला कळली. आणि मी धरून ठेवलं. किती वेळ ते मला सांगता येत नाही. फार नाही. पण तिला पुन्हा थाप मारावी लागली, आधीपेक्षा जोरात, आणि त्याच वेळी तिच्या कोपरात माझ्या पोटाशी काहीतरी सरकलं. कोंबडी साफ करताना तंगडी सांध्यातून सोडवतो तेव्हा आत जसं सरकतं तसं. मग मी सोडलं.

ती ओरडली नाही. उठून बसली, हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघत राहिली. ओठ पांढरे पडले होते. सर धावत आले.

"काय झालं?"

"काय न्हाय सर," ती म्हणाली. "मीच थाप उशिरा मारलो."

मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं. दोन वेळा मारली होती तिने, तिला माहीत नसेल तर कोणाला असेल. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं की नाही, तिने वेळेवर मारली. तोंडात शब्द तयार होते. मी बादलीकडे बघत उभी राहिले. सतरा-अठरा वर्षांच्या पोरीने दुखऱ्या हाताने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी ते चालू दिलं.

एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, पण आतले बंध ताणले होते. हात गळ्यात बांधला, आणि डॉक्टर म्हणाले की आता बरेच दिवस खेळाचं नाव काढायचं नाही. पुणे गेलं. भरलेली फी परत मिळत नाही असं सरांनी सांगितलं. पुढे रोज व्यायाम करून घेणारीकडे जावं लागत होतं, त्याचे पैसे वेगळे.

मी मॅटवर जायचं बंद केलं. फक्त पुसायचे आणि जायचे. सर समजूत काढायला आले. "होतं ताई. ह्या खेळात होतं. मनाला लावून घेऊ नका." दवाखान्यात माझ्यासोबत चादरी पिळणारी आहे, तिला मी अर्धं सांगितलं. ती म्हणाली, "अगं ती चादरीची सवय. सोड म्हटल्याबिगर आपला हात सुटत न्हाय. तुझा काय दोष त्यात?"

ही सबब इतकी चांगली होती की मी ती बरेच दिवस वापरली. झोपताना स्वतःला सांगायचे, सवय गं, हाताची सवय. पण चादर पिळताना मी मुद्दाम लक्ष देऊन बघितलं. पिळताना मनात काही नसतं. दुपारी काय भाजी करायची तेवढंच असतं. त्या दिवशी तसं नव्हतं. पहिल्या थापेनंतर माझ्या मनात स्पष्ट आलं होतं, थांब जरा. एवढे दोनच शब्द. सकाळपासून कोणालातरी म्हणायचे राहिलेले दोन शब्द मी त्या पोरीला म्हटले, आणि तेही मनात. सिस्टरला म्हणायची माझी हिंमत नव्हती. माझ्यापेक्षा लहान, माझ्या हातात सापडलेली, मला उशी म्हणणारी, तिला म्हटलं. हे सवयीवर घालता येत नाही. आणि सिस्टरवरही घालता येत नाही. सिस्टरने माझा हात धरला नव्हता.

पगार झाला त्या दिवशी मी सीटकव्हरच्या दुकानात गेले. भाई कुठेतरी माप घ्यायला गेले होते. भाभी रिक्षाची सीट शिवत होत्या, लाल रेक्झिन, पिवळी पट्टी. मी बाहेर उभी राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली.

"आत ये की," भाभी म्हणाल्या. "सीट शिवायची हाय काय तुला? तुझ्याकडं तर सायकलबी न्हाय."

मी आत गेले. बोलायचं सगळं ठरवून आले होते आणि काहीच आठवेना. म्हणून एकदम म्हटलं, "भाभी, तिनं थाप वेळेवर मारली हुती."

मशीन थांबली.

"मला कळली हुती," मी म्हटलं. "मी सोडलं न्हाय."

"का?"

दवाखान्यातलं सांगितलं असतं तर ती पुन्हा सबब झाली असती. मी म्हटलं, "राग हुता."

"तिच्यावर?"

"न्हाय."

मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुई वर घेतली, दोरा तोडला, आणि म्हणाल्या, "मला ठाऊक हाय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. माझी पोरगी उशिरा ओरडणाऱ्यातली न्हाय. मुंगी चावली तरी तीन गल्ल्यांना कळतंय. तिनं थाप उशिरा मारली म्हटल्यावर मी वळखलो काय ते."

मी पिशवीतून पैसे काढले. म्हटलं, दवाखान्याचा सगळा खर्च आणि स्पर्धेची फी मी देणार, हप्त्याने, झाडलोटीच्या पगारातून. मनात असं होतं की त्या नको म्हणतील, सगळेच म्हणतात तसं, मग मी आग्रह करीन. भाभींनी हात पुढे केला.

"दे. घेणार मी. न्हाय घेतलं तर तू जन्मभर माझ्या दारात अशीच हुबी राहशील. आणि पैसे तसे बी लागतात." मग किती झाले ते सगळं तोंडावर सांगितलं, एक्स-रे, गोळ्या, व्यायामवाली, टेम्पोवाल्याकडून आगाऊ घेऊन भरलेली फी. एकही रुपया सोडला नाही की वाढवला नाही. "आणि ऐक. पोरगी बरी झाली की तिच्यासमोर तूच बसायचं."

"मी न्हाय बसणार आता."

"मग कोण बसणार? मी? माझे गुडघे बघितलास काय?" त्यांनी पुन्हा पायडलवर पाय ठेवला. "तू बस. पैसे फिटेपर्यंत मी बी येऊन बसणार. तुझे हात बघायला."

तशा त्या खरंच आल्या. मुलीचा हात मोकळा झाल्यावर पहिल्या दिवसापासून. मॅटच्या कडेला भिंतीला टेकून बसायच्या, मांडीवर हातशिलाईचं काम. एक टाका घालायचा आणि वर बघायचं. खालचे काका म्हणाले, "वरच्या कुस्तीला पंच बी आला आता. सुई-दोरा घेऊन." भाभी जिन्यावरून म्हणाल्या, "काका, तुमचं तोंड उसवलंय, या वर, दोन टाके घालतो." त्यानंतर काका त्यांना वाट द्यायला उठून उभे राहायला लागले.

पहिले काही दिवस मी मुलीला धरूच शकले नाही. बाही हातात आली की बोटं आपोआप ढिली पडायची. तिने हात दिला तरी मी कंबर उचलायची नाही. ती थाप मारायच्या आधीच मी सोडायचे. शेवटी ती चिडून उठून बसली.

"मावशी, असं धरलासा तर मी सुटायचं कसं शिकणार? सुटायला आधी कायतरी धरलेलं पायजे की."

"तुझा हात..."

"हात बरा हाय. माझा हाय, मला ठाऊक."

भिंतीकडून आवाज आला. "धर नीट. मी बघायलोय."

मी धरलं. कंबर उचलली. तिने थाप मारली आणि मी सोडलं. लगेच सोडलं. मुलगी म्हणाली, "परत." परत केलं. त्या संध्याकाळी किती वेळा केलं कोण जाणे. मी प्रत्येक वेळी लगेच सोडलं, आणि प्रत्येक वेळी मला वाटलं की हे तेव्हाही इतकंच सोपं होतं.

तिचं कोपर पूर्वीसारखं झालं नाही. झालं असं ती म्हणते. पण दोन्ही हात पुढे केले की डावा किंचित वाकडा राहतो. पुस्तकांची पिशवी आता उजव्या खांद्यावर असते. वेणी घालताना ती मध्येच थांबते आणि हात झटकते. हे कोणाला दिसत नाही. मला दिसतं, कारण मी तेवढंच बघते. एकदा मी तिची माफी मागायला गेले, सगळे गेल्यावर, जिन्यात. "नगा काढू ते मावशी," ती म्हणाली आणि भराभरा उतरून गेली. तिला ते आवडलं नाही. तिने माझ्यासाठी जे झाकलं होतं ते मी उघडत होते, असं तिला वाटलं असेल. पुन्हा मी तो विषय काढला नाही. म्हणूनही हे लिहिते आहे.

पुढच्या पुण्याच्या स्पर्धेला ती गेली. भाई, भाभी आणि सर सोबत गेले. मी दवाखान्यात होते. सरांनी तिच्या लढतीचा व्हिडिओ पाठवला तो चादरी वाळत घालताना गच्चीवर बघितला. पहिली लढत तिने जिंकली. दुसरीत समोरच्या मुलीने तिचा हात पकडला. डावाच. मी मोबाईल कठड्यावर ठेवून बघितलं. मुलीने थाप मारली, आणि ती मारते न मारते तोच समोरच्या मुलीने हात सोडून दिला आणि तिला उठायला हात दिला. ती परकी मुलगी, बक्षिसासाठी आलेली, तिने एका क्षणात सोडलं.

परत आल्यावर मुलगी सगळं हातवारे करून सांगत होती. पुण्यात मॅट केवढी मोठी, नाश्त्याला पोहे किती फिके. "आणि ती पोरगी लई चांगली हुती. लगेच सोडलं तिनं," असं बोलून गेली. मी फडकं धुवायला नळावर गेले.

हप्ते चालू होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी दुकानात जायचे. एका महिन्यात सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि मी गेले नाही, तर भाभींनी क्लासमध्ये भिंतीला टेकूनच विचारलं, "ह्या महिन्याचं?" सगळ्यांसमोर. मला बरं वाटलं. कोणीतरी मला माफ करत नव्हतं, हिशेबाने वागवत होतं. पुढच्या महिन्यात दोन्ही दिले. ईदला गेले तेव्हा त्यांनी शीरखुर्म्याची वाटी समोर ठेवली, मी खाल्ला, आणि वाटी धुवून ठेवल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी हप्ता दिला. दोन्ही त्यांना एकाच दिवशी करता येत होतं.

शेवटचा हप्ता मी लांबवला. पैसे जमले होते. डब्यात वेगळे बांधून ठेवले होते. पण ते दिले की भाभी यायच्या थांबणार, हे मला माहीत होतं. भिंतीपाशी कोणी नसेल. मुलीचा हात माझ्या हातात असेल आणि बघायला कोणी नसेल. सकाळी दवाखान्यात काय होईल ते मला आधी कसं कळणार. सिस्टर तीच आहे. मी तीच आहे. दोन आठवडे मी रोज पैसे पिशवीत घालून नेले आणि तसेच परत आणले.

परवा क्लास संपल्यावर मी मॅट पुसत होते. मुलगी पोरांशी बोलत खाली गेली होती. भाभी उठल्या नाहीत.

"राहिलेलं कधी देणार हायस?" त्या म्हणाल्या.

मी फडकं पिळत राहिले.

"का मला हितंच बसवून म्हातारी करणार हायस? भाई तिकडं एकटं शिवायल्यात. गणपतीच्या आधी सगळ्या रिक्षावाल्यांना नव्या सीटा पायजेत."

"भ्या वाटतंय भाभी," मी म्हटलं.

"कशाचं?"

"माझंच."

भाभींनी हातातला टाका पुरा केला. सुई रिळात खोचली. मग म्हणाल्या, "वाटू दे. वाटतंय तोपर्यंत माझी पोरगी तुझ्यासमोर बसवायला मला काय न्हाय. दे."

मी हात पुसले, पिशवीतून पुडकं काढलं आणि दिलं. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, एक मळकी होती ती बदलून मागितली, मी बदलून दिली. मग त्यांनी त्या बटव्यात घातल्या, शिवणाचं सामान आवरलं आणि भिंतीला हात टेकून उठल्या.

"फिटलं," त्या म्हणाल्या. "सगळं फिटलं."